बातमी आणणारे आणि बातमी वाहणारे

१९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार अमेरिकेतील भारतीय नोकरदारांच्या स्मरणात बराच काळ राहील. एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क आकारणाऱ्या उद्घोषणेवर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या दिवशी स्वाक्षरी केली. अंमलबजावणी शनिवारी मध्यरात्र उलटताच सुरू होणार होती. सुट्टीसाठी भारतात गेलेल्यांनी मिळेल त्या दराने परतीची तिकिटे काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तर विमानात बसलेले काही प्रवासी उड्डाणापूर्वीच खाली उतरले. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, जेपी मॉर्गन यांसारख्या कंपन्यांकडून कर्मचाऱ्यांना ‘देश सोडू नका, बाहेर असाल तर तातडीने परता’ अशा सूचना गेल्या. शनिवारी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलिन लेविट यांनी खुलासा केला, की हे शुल्क एकदाच भरायचे असून ते केवळ नव्या अर्जांना लागू आहे. सध्याच्या व्हिसाधारकांना आणि नूतनीकरणाला नाही.

त्या चोवीस तासांत आपल्या फोनवर जे येऊन आदळत होते, त्याची आज शांतपणे वर्गवारी केली तर दैनंदिन जीवनातील माहितीचे बहुतेक सर्व प्रकार त्यात सापडतात. एक होता मूळ दस्तऐवज, म्हणजे उद्घोषणेचा मजकूर. दुसरे होते अधिकारपदावरील व्यक्तीचे तोंडी विधान: वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांच्या बोलण्यातून शुल्क दरवर्षी भरावे लागेल असा अर्थ निघाला आणि घबराटीत भर पडली. तिसरे, वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांच्या बातम्या. चौथे, कंपन्यांच्या वकिलांनी लावलेला अर्थ. आणि पाचवे, या सर्वांचे तुकडे घेऊन फिरणारे व्हॉट्सॲपचे संदेश, बहुधा मूळ स्रोताचे नाव गळून पडलेले.

‘मूळ कागद वाचा’ हा सल्ला अशा वेळी हमखास दिला जातो. तो योग्य आहे, पण पुरेसा नाही. सध्याचा व्हिसाधारक परदेशातून परत येताना अडेल की नाही, याचे निःसंदिग्ध उत्तर त्या मजकुरात सहजी सापडत नव्हते. म्हणूनच कंपन्यांच्या वकिलांनी सावध पवित्रा घेतला. संदिग्धता दूर झाली ती प्रश्न विचारले गेल्यामुळे. वॉशिंग्टनमध्ये सरकारला प्रश्न विचारणे हेच ज्यांचे काम आहे, अशा पत्रकारांची मोठी फौज आहे, आणि खुलासा करणे सरकारलाही भाग पडले.

माध्यमांचे छापील, श्राव्य, दृश्य आणि डिजिटल असे शालेय वर्गीकरण आपण सारेच शिकलो. रोजच्या व्यवहारात मात्र याहून उपयोगी भेद दुसराच आहे: बातमी आणणारे कोण आणि ती वाहून नेणारे कोण? असोसिएटेड प्रेस ही १८४६ पासून चालत आलेली सहकारी वृत्तसंस्था बातमी आणते. गूगल न्यूज, फेसबुक, व्हॉट्सॲप ती वाहतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे मदतनीसही, निदान आजवर तरी, वाहणाऱ्यांच्याच रांगेत आहेत. नगरपरिषदेच्या सभागृहात मागच्या बाकावर बसून ते कोणाला प्रश्न विचारत नाहीत. वाहणाऱ्यांची संख्या वाढली की माहिती वाढल्याचा भास होतो. आणणारे कमी झाले तर ते मात्र चटकन लक्षात येत नाही.

ते कसे घडते, याचे उदाहरण आपल्या अगदी परिचयाच्या चौकात आहे. न्यू जर्सीतील जर्सी सिटीचा जर्नल स्क्वेअर. न्यूअर्क ॲव्हेन्यूवरील इंडिया स्क्वेअरमध्ये किराणा आणि मिठाईसाठी जाणाऱ्यांना हे स्थानक पाठ आहे. पण चौकाचे नाव ‘जर्सी जर्नल’ या वृत्तपत्रावरून पडले, हे किती जणांना ठाऊक असेल? १८६७ मध्ये सुरू झालेल्या या पत्राचा शेवटचा अंक १ फेब्रुवारी २०२५ रोजी निघाला. दुसऱ्याच दिवशी ‘स्टार-लेजर’ या राज्यातील मोठ्या दैनिकाची छापील आवृत्ती थांबली. स्टार-लेजर संकेतस्थळाच्या रूपाने चालू राहिले. मात्र सामायिक छापखाना बंद होत असल्याने जर्सी जर्नलने कायमचा निरोप घेतला. हे एकट्या न्यू जर्सीचे दुखणे नव्हे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयाच्या पाहणीनुसार २००५ पासून अमेरिकेने एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे गमावली आहेत.

या पत्राशी भारतीयांचे एक कटू नातेही आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीचे पत्र जर्सी जर्नलनेच छापले होते. भारतीयांना जर्सी सिटीतून हुसकावून लावण्याची उघड धमकी त्यात होती. ‘डॉट’ म्हणजे आपल्या स्त्रियांच्या कपाळावरचे कुंकू. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुण पारशी अधिकाऱ्याला जमावाने बेदम मारले आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. असे पत्र छापावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते छापले ते बरे झाले. धमकी उघड्यावर आली, साऱ्या गावाने ती एकाच वेळी वाचली, आणि ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय पोलिसांना आणि महापालिकेला उरली नाही. आज असा मजकूर एखाद्या बंद समूहात फिरेल. ज्यांच्याविरुद्ध तो आहे, त्यांना तो दिसेलच असे नाही.

आपल्या समाजाची स्वतःची पत्रेही याच वाटेने गेली. गोपाळ राजू यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कहून सुरू केलेल्या ‘इंडिया अब्रॉड’ची छापील आवृत्ती २०२० मध्ये थांबली. मंडळांची वार्तापत्रे अजून निघतात आणि गणेशोत्सव, नाटकाचा प्रयोग, शाळेचे प्रवेश यांसाठी त्यांना पर्याय नाही. पण शाळा मंडळाला अंदाजपत्रकाचा जाब विचारणे हे त्यांचे काम नव्हे, तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. सार्वजनिक रेडिओचा आधार आहे, तोही डळमळीत झाला: जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी मागे घेतला.

यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. पुण्यात मुठेला पूर आला की एडिसनमध्ये पाच मिनिटांत कळते. आपल्याच गावात मालमत्तेचे फेरमूल्यांकन होणार आहे, हे कराचे बिल हाती पडेपर्यंत कळत नाही. २०१८ मध्ये जर्सी सिटीत तीस वर्षांनंतर प्रथमच असे फेरमूल्यांकन झाले. करांचा भार एका वस्तीकडून दुसरीकडे सरकला. अशी बातमी पुण्याहून फॉरवर्ड होऊन येत नाही.

जाहीर सूचनांचेही तेच. न्यू जर्सीच्या १९७५ च्या खुल्या सभा कायद्यानुसार सार्वजनिक संस्थेला सभेची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते, आणि ती वृत्तपत्रांकडे पाठवणे हा त्या व्यवस्थेचा भाग होता. छापील पत्रे आटू लागल्यावर २०२५ मध्ये राज्याने कायदा बदलून अशा सूचना सरकारी संकेतस्थळांवर देण्याचा मार्ग स्वीकारला. पैसा आणि वेळ वाचेल, हे खरे. परंतु छापलेल्या सूचनेची एक प्रत त्रयस्थाकडे राहत असे आणि तिची तारीख मागाहून बदलता येत नसे. आता सूचना देणाराही तोच आणि ती जपणाराही तोच.

हडसन काउंटीत ‘हडसन काउंटी व्ह्यू’, ‘जर्सी सिटी टाइम्स’ यांसारखी छोटी संकेतस्थळे पोकळी भरून काढू पाहत आहेत. आपल्या गावासाठी असे काही चालत असेल, तर नेटफ्लिक्सच्या वर्गणीशेजारी त्याचीही वर्गणी असावी. जिथे तेही नाही, तिथे नगरपरिषद आणि शाळा मंडळ यांच्या संकेतस्थळावरील कार्यक्रमपत्रिका महिन्यातून दोनदा उघडून पाहावी. सभा खुल्या असतात आणि नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो. एखादा कागद हवा असेल, तर सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली नगरपालिकेच्या क्लार्ककडे लेखी मागणी करता येते. उत्तर साधारणतः कामकाजाच्या सात दिवसांत मिळायला हवे.