खाणीच्या मुलखातील इंग्रजी शब्द

दिचोली तालुक्यातील शिरगावच्या किंवा पिळगावच्या मुलासमोर ‘बेंच’ हा शब्द उच्चारला, तर वर्गातले लाकडी बाक त्याला आठवेल. खाणीवर आयुष्य वेचलेल्या त्याच्या वडिलांच्या दृष्टीपुढे मात्र डोंगराच्या पोटात पायरीपायरीने उतरत गेलेले, टिपर सहज वळेल इतके रुंद, तांबडे टप्पे उभे राहतील. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्दबातल ठरविणारे सर्वोच्च न्यायालयाचे पीठ, तेही ‘बेंच’च.

इंग्रजी शब्दांची ही अनेकार्थता आमच्या विद्यार्थ्यांना जाचक वाटते, याचे कारण अर्थांच्या याद्या त्यांच्याकडून घोकून घेतल्या जातात आणि त्या अर्थांमधील नाते कोणी उलगडून सांगत नाही, हेच होय, असे माझे मत आहे. ‘बेंच’चा विस्तार सरळ आहे: आसन, आसनावर बसणारे न्यायाधीश, आसनासारखा सपाट टप्पा. ‘माइन’ची गोष्ट निराळी, ‘माझे’ या अर्थाचा शब्द इंग्रजीचा घरचा, खाणीचा शब्द फ्रेंचांकडून आलेला, आणि दोहोंचा उच्चार जुळला यापलीकडे त्यांच्यात संबंध नाही. खरा विलक्षण शब्द ‘फाइन’. दहा मिलिमीटरहून बारीक लोहखनिजाला खाणीवर ‘फाइन्स’ म्हणतात आणि सरकारी कचेरीत त्याच शब्दाने दंड वसूल होतो; परंतु परस्परांना अनोळखी भासणारे हे दोन्ही अर्थ अखेर दर्शविणाऱ्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले, कारण तंटा अखेरीस नेणारी रक्कम तो दंड, आणि घडण अखेरीस पोचून पूर्णत्व पावलेले ते उत्कृष्ट, नाजूक, म्हणून पुढे बारीक.

पोर्तुगीज अमलात खाणीचा जो हक्क बहाल होई त्याला इंग्रजीत ‘कन्सेशन’ म्हणत. १९८७ च्या कायद्याने ती कन्सेशने संपून त्यांचे पट्टे झाले. आज सरकारी कदंब महामंडळाच्या बसने शाळेला जाणारा विद्यार्थी ‘कन्सेशन’ म्हणतो ते भाड्यातील सवलतीला. दोन्हीकडे सरकारने आपल्या हक्कातले काही सोडून दिले, हे सूत्र समान आहे.

पेडण्यात जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली आणि ‘टर्मिनल’ हा शब्द रोजच्या व्यवहारात आला. शाळेत तो सत्राच्या परीक्षेला लागतो, दवाखान्यात असाध्य आजाराच्या शेवटच्या अवस्थेला. मूळ अर्थ सीमा. पेडण्याच्या शिक्षकाने तो शिकवताना आरंभ मोपापासून करावा, कारण तेथे कामाला जाणारी भावंडे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरातच असतात.