ॲकोनिटिन

ॲकोनिटिन हे बचनाग (संस्कृत: वत्सनाभ) व त्याच्या प्रजातीतील इतर वनस्पतींच्या मुळांत आढळणारे तीव्र विषारी अल्कलॉइड होय. चहा-कॉफीतील कॅफीन हेही वनस्पतिजन्य अल्कलॉइडच. परंतु ते मुख्यतः चेतापेशींवरील ॲडेनोसिनचे ग्राही अडवून तरतरी आणते. ॲकोनिटिन मात्र थेट सोडियम मार्गिकांवर घाला घालते. शुद्ध स्वरूपातील सुमारे २ मिलिग्रॅम मात्राही माणसाला प्राणघातक ठरू शकते.

विषक्रिया

विश्रांत चेतापेशीच्या आतील विद्युतदाब बाहेरच्या तुलनेत सुमारे −७० मिलिव्होल्ट असतो. उद्दीपन होताच पेशीपटलातील सोडियम मार्गिका उघडतात, सोडियम आयन आत शिरतात व संदेश पुढे सरकतो. एक-दोन मिलिसेकंदांत मार्गिका आपोआप निष्क्रिय होतात, म्हणूनच पेशी पुढच्या संदेशासाठी सज्ज होऊ शकते. हॉजकिन व हक्सली यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून ही यंत्रणा १९५२ मध्ये गणिती रूपात मांडली.

ॲकोनिटिन उघड्या मार्गिकेला चिकटते आणि तिला निष्क्रिय होऊ देत नाही. शिवाय एरवी ज्या दाबाला मार्गिका मिटलेली असते, त्या दाबालाही ती उघडू लागते. दार लागत नाहीच, वर कडीही सैल होते. परिणामी चेतापेशी आधी अकारण संदेश धाडत राहते व पुढे मूक होते. जिभेला प्रथम मुंग्या येतात व नंतर बधिरता येते, ती यामुळेच. हृदयाच्या स्नायूंतही अशाच मार्गिका असल्याने ठोक्यांची लय बिघडते आणि मृत्यू बहुधा त्यानेच ओढवतो. यावर नेमका उतारा नाही. रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवून हृदयाची लय सांभाळणे हाच उपचार.

औषधी उपयोग

आयुर्वेदात वत्सनाभ गोमूत्रात किंवा दुधात शोधन करूनच वापरतात. दीर्घकाळ उकळल्याने ॲकोनिटिनचे विघटन होऊन पुष्कळच सौम्य द्रव्ये बनतात, त्यामुळे शोधन हा केवळ उपचार म्हणून उरकण्याचा विधी नव्हे. तापावरील सुपरिचित त्रिभुवनकीर्ती रसात शुद्ध वत्सनाभ असतो. अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. घरगुती औषध म्हणून ती परस्पर घेऊ नयेत.

नामसाधर्म्य

महाराष्ट्रात कळलावीलाही काही ठिकाणी बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातील. कळलावी ही सर्वस्वी निराळ्या कुलातील वेल आहे. तिच्या कंदातील विष कोल्चिसिन असून त्याचा सोडियम मार्गिकांशी संबंध नाही. ते पेशीविभाजन रोखते.