जुन्या मीडिया प्लेअरचे आयुर्मान आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : 'रॉकबॉक्स' प्रकल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमधील इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे निर्लेखन करताना 'कालबाह्य' हा शेरा सर्रास वापरला जातो. वस्तू मोडली आहे, झिजली आहे, की केवळ तिच्या निर्मात्याने तिच्याकडे लक्ष देणे थांबविले आहे, हा महत्त्वाचा भेद या एका शब्दात लोप पावतो. टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला तर तो बदलून यंत्र पुन्हा चालू करता येत असे. एमपी३ प्लेअरच्या बाबतीत मात्र सर्व भाग सुस्थितीत असूनही यंत्र निरुपयोगी ठरल्याचा अनुभव येतो. कारण त्याचे वर्तन ठरविणारी आज्ञावली निर्मात्याच्या ताब्यात असते आणि तिच्यात दुरुस्ती करण्याचा मार्ग ग्राहकाला उपलब्ध नसतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. अशा स्थितीत यंत्राचे आयुष्य नेमके कशाने संपते, हे तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात 'रॉकबॉक्स' या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मीडिया प्लेअरची अंतर्रचना

खिशात मावणारा मीडिया प्लेअर हा वस्तुतः एक लहान संगणकच होय. त्यात प्रक्रियक, तात्पुरती स्मृती, संचयासाठी हार्ड डिस्क किंवा फ्लॅश स्मृती, अंकीय संकेतांचे ध्वनिसंकेतांत रूपांतर करणारी चिप, बॅटरी आणि पडदा हे घटक असतात. उदाहरणार्थ, २००५ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या आयपॉडमध्ये दोन एआरएम गाभे असलेला प्रक्रियक होता. त्याच्या ३० जी.बी. क्षमतेच्या आवृत्तीत ३२ एम.बी., तर ६० जी.बी. क्षमतेच्या आवृत्तीत ६४ एम.बी. तात्पुरती स्मृती होती. या सर्व घटकांना कामाला लावणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस 'फर्मवेअर' असे म्हणतात. कोणत्या प्रकारच्या फाइल वाजतील, मेनू कसा दिसेल, गाणी संगणकावरून कोणत्या मार्गाने भरावी लागतील, हे सर्व फर्मवेअर ठरविते.

यावरून अशा यंत्राच्या वार्धक्याचे चार प्रकार संभवतात. पहिला बॅटरीचा : लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारणतः ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंग-चक्रांनंतर लक्षणीय घटते. दुसरा संचयाचा : फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क धक्क्यांनी व वापराने निकामी होते. तिसरा बटणे, हेडफोनची खाच, चार्जिंगची जोडणी यांच्या झिजेचा. हे तिन्ही भौतिक असून भाग बदलून त्यांवर उपाय करता येतो. चौथा प्रकार फर्मवेअरचा. फर्मवेअर झिजत नाही. परंतु भोवतालचे जग बदलते, नवी ध्वनिस्वरूपे येतात, संगणक बदलतात आणि निर्माता सुधारणा देणे थांबवितो. हे वार्धक्य यंत्राचे नसून व्यवस्थेचे होय. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रामुख्याने याच चौथ्या प्रकारावर उपाय करते.

रॉकबॉक्सचा उगम व विस्तार

आर्कोस या फ्रेंच कंपनीचा 'जूकबॉक्स' हा ६ जी.बी. हार्ड डिस्क असलेला प्लेअर या शतकाच्या आरंभी बाजारात होता. त्याच्या फर्मवेअरमधील उणिवांनी असमाधानी असलेले स्वीडनमधील प्रोग्रामर ब्यॉर्न स्टेनबर्ग यांनी २००१ च्या अखेरीस त्या फर्मवेअरची उकल करण्यास प्रारंभ केला. डॅनिएल स्टेनबर्ग व लिनुस निल्सन फेल्टसिंग हेही या कामात आरंभापासून सहभागी होते. कंपनीकडून तांत्रिक कागदपत्रे मिळालेली नसताना यंत्रातील सूचनांचा उलट दिशेने अभ्यास करून त्यांनी पूर्णतः नवे फर्मवेअर लिहिले. या पद्धतीस 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' असे म्हणतात.

पुढे आयरिव्हर, आयपॉड, सॅनडिस्कचे सॅन्सा अशा अनेक यंत्रांसाठी रॉकबॉक्स तयार करण्यात आले. त्याची ३.० ही आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये, तर ४.० ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. आयपॉडची मालिका ॲपल कंपनीने मे २०२२ मध्ये बंद केली, हे ध्यानात घेता या दुसऱ्या तारखेचे महत्त्व कळून येते. निर्मात्याने ज्या यंत्रांना निरोप दिला, त्यांच्यासाठी स्वयंसेवक त्यानंतरही सुधारणा करीत राहिले.

हे शक्य होण्यामागे जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना आहे. आज्ञावलीचा मूळ स्रोत वाचणे, त्यात बदल करणे व तो इतरांना देणे यांची मुभा हा परवाना देतो. बदललेली आवृत्ती वितरित करणाऱ्याने तिचा स्रोतही उपलब्ध करून द्यावा, अशी अटही तो घालतो. त्यामुळे एका व्यक्तीने काम सोडले तरी दुसरी व्यक्ती तेथून ते पुढे नेऊ शकते.

प्रतिष्ठापनेची पद्धती

रॉकबॉक्सचे दोन भाग असतात. एक 'बूटलोडर', म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी व पुढे कोणते फर्मवेअर चालवायचे हे ठरविणारी लहान आज्ञावली. आणि दुसरा मुख्य भाग, जो प्लेअरच्या संचयात एका फोल्डरच्या रूपाने राहतो. 'रॉकबॉक्स युटिलिटी' हे संगणकावरील साधन जोडलेला प्लेअर ओळखून दोन्ही भाग बसविते. बहुतेक यंत्रांत मूळ फर्मवेअर शाबूत राहते. आयपॉडवर यंत्र सुरू करताना 'होल्ड' बटण सरकवून मूळ फर्मवेअरकडे परत जाता येते. मात्र मॅकिंटॉश संगणकासाठी सिद्ध केलेला आयपॉड असल्यास तो आधी फॅट३२ या रचनेत फॉरमॅट करावा लागतो आणि त्यात त्यावरील सर्व सामग्री पुसली जाते. म्हणून प्रथम प्रत काढून ठेवणे आवश्यक आहे.

काय साध्य होते?

पहिला लाभ ध्वनिस्वरूपांचा. मूळ आयपॉड फ्लॅक किंवा ऑग व्हॉर्बिस स्वरूपातील फाइल वाजवीत नाही. रॉकबॉक्स घातल्यावर तोच आयपॉड त्या वाजवितो. 'ओपस' या ध्वनिस्वरूपाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचे मानक सप्टेंबर २०१२ मध्ये निश्चित झाले. तरीही २००५ च्या आयपॉडवर रॉकबॉक्सच्या साहाय्याने ओपस फाइल ऐकता येते. म्हणजेच आपल्या जन्मानंतर सात वर्षांनी ठरलेले स्वरूप वाजविण्याची क्षमता त्या यंत्राच्या प्रक्रियकात प्रारंभापासूनच होती. ती उपयोगात आणणारी आज्ञावली तेवढी नव्हती.

दुसरा लाभ स्वायत्ततेचा. मूळ फर्मवेअरसह आयपॉडमध्ये गाणी भरण्यासाठी कंपनीने ठरवून दिलेल्या सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागतो. रॉकबॉक्समध्ये प्लेअर साध्या पेनड्राइव्हप्रमाणे जोडून त्यावर फोल्डर उतरविले की काम होते. संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, हा प्रश्न उरत नाही.

तिसरा लाभ सुगम्यतेचा असून शैक्षणिक दृष्ट्या तो सर्वांत मोलाचा आहे. पडदा पाहू न शकणाऱ्या वापरकर्त्यासाठी रॉकबॉक्सचे मेनू बोलतात. आयपॉडमध्ये बोलते मेनू २००८ साली चौथ्या पिढीच्या नॅनोत आले. रॉकबॉक्समध्ये ही सोय त्यापूर्वीच होती. फोल्डर व फाइल यांच्या नावांना स्वतंत्र लहान ध्वनिफिती जोडण्याचीही व्यवस्था त्यात आहे. त्यामुळे 'तृतीय वर्ष, अर्थशास्त्र, प्रकरण चौथे' असे मराठी उच्चारण दृष्टिहीन विद्यार्थ्यास ऐकविणे शक्य होते. याशिवाय ऐकणे जेथे थांबले ती जागा खुणेने राखून ठेवता येते आणि आवाजाची पट्टी न बदलता भाषणाचा वेग कमी-अधिक करता येतो.

मर्यादा

या उपायाच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा यंत्रसामग्रीची. सुरुवातीच्या आर्कोस जूकबॉक्समध्ये एमपी३ उलगडण्याचे काम स्वतंत्र चिप करीत असे. त्यामुळे केवळ आज्ञावली बदलून त्यावर नवी ध्वनिस्वरूपे वाजविणे शक्य नव्हते. कालांतराने प्रकल्पानेही त्या यंत्रांसाठीचे काम थांबविले. मुक्तस्रोत म्हणजे अमरत्व नव्हे, हे यावरून दिसते. तथापि जुन्या आवृत्त्या आणि त्यांचा स्रोत उपलब्ध राहतो. बंदिस्त फर्मवेअरच्या बाबतीत तोही राहत नाही.

दुसरी मर्यादा निर्मात्याने लावलेल्या कुलपाची. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या आयपॉड नॅनोपासून फर्मवेअर कूटबद्ध करण्यात आले. नॅनोमध्ये टिपणे वाचण्याची जी सोय होती, तिच्यातील एक उणीव २००९ मध्ये सापडली. विशिष्ट रचनेचे टिपण उघडल्यास स्मृतीची मर्यादा ओलांडली जाऊन बाहेरची आज्ञावली चालविता येत असे. या फटीतूनच रॉकबॉक्स त्या यंत्रापर्यंत पोहोचले. ग्राहकाने पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत बदल करण्यासाठी तिच्यातील दोष सापडण्याची वाट पाहावी लागावी, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

तिसरी मर्यादा हक्कसंरक्षित फाइलींची. अंकीय कुलूप असलेली गाणी रॉकबॉक्स वाजवीत नाही. शिवाय चलच्चित्रे दाखविण्याची त्याची क्षमता अल्प आहे. भौतिक झीज तर सॉफ्टवेअरने भरून निघत नाहीच. बॅटरी बदलावीच लागते आणि फुगलेली बॅटरी असलेले यंत्र चार्ज करण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

महाविद्यालयीन उपयोजन

आपल्याकडील ४८ मिनिटांची तासिका ६४ केबीपीएस दराने ध्वनिमुद्रित केल्यास सुमारे २३ एम.बी. जागा लागते. या हिशेबाने ४ जी.बी. क्षमतेच्या जुन्या प्लेअरवर सुमारे १७० तासिका मावतात. इंटरनेट नसलेल्या गावी राहणाऱ्या किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्यास ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे असा प्लेअर देता येईल. सॅन्सा क्लिप प्लससारख्या यंत्रात मायक्रोएसडी कार्डाची खाच असल्याने ही क्षमता आणखी वाढविता येते. मात्र कार्ड फॅट३२ रचनेत फॉरमॅट केलेले असावे लागते. मोबाइल फोनने हे काम होत नाही असे नाही. परंतु केवळ ध्वनी वाजविणारे, बटणांवर चालणारे, लक्ष विचलित न करणारे यंत्र अभ्यासासाठी अधिक सोयीचे ठरू शकते.

त्यासाठी निर्लेखन समितीने प्रत्येक यंत्राबाबत तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी व जोडण्या दुरुस्त होण्याजोग्या आहेत काय? संचय वाचता येतो काय? या प्रतिमानासाठी मुक्तस्रोत फर्मवेअर उपलब्ध आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असल्यास 'कालबाह्य' हा शेरा अकाली ठरतो. एखाद्याही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास यंत्र भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपविणे उचित होय. आपल्या देशात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तर रॉकबॉक्सचा स्रोत हा अंतःस्थापित प्रणालींच्या अभ्यासाचा विनामूल्य ग्रंथच आहे. प्रक्रियक, स्मृती व विद्युतवापर यांच्या कडक मर्यादांत आज्ञावली कशी लिहावी, याचे प्रत्यक्ष उदाहरण तेथे पाहावयास मिळते.

समारोप

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी चौकट सुचविण्यासाठी समिती नेमली. तेव्हापासून आपल्याकडेही हा विषय सार्वजनिक चर्चेत आला आहे. दुरुस्तीचा विचार आपण सहसा सुटे भाग आणि कारागीर यांच्या भाषेत करतो. रॉकबॉक्सचे उदाहरण असे दाखविते की, आज्ञावली हाही यंत्राचा एक सुटा भागच आहे आणि तो न मिळाल्यास बाकीचे धडधाकट भागही वाया जातात. सुटा भाग कोणाच्या मर्जीने मिळतो, यावर वस्तूची मालकी खऱ्या अर्थाने कोणाकडे आहे, हे ठरते. म्हणून नवे उपकरण खरेदी करताना किंमत व क्षमता यांबरोबरच, निर्मात्याने साथ सोडल्यावर हे यंत्र दुसऱ्या कोणाला चालू ठेवता येईल काय, हा प्रश्नही खरेदी समितीने विचारणे अगत्याचे आहे. निर्लेखनाच्या दिवशी त्याचे उत्तर शोधणे फार उशिराचे ठरते.