वरण चालतं, बट्टी चालत नाही

जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या पाचोरा या गावाच्या नावात अक्षरं किती? पहिलीतलं पोर बोटं मोजून सांगेल: पा, चो, रा, तीन. हाच प्रश्न संगणकाच्या भाषांना विचारला, तर स्विफ्ट म्हणते तीन, पायथन म्हणते सहा आणि गो म्हणते अठरा. गंमत म्हणजे तिघींचंही बरोबर आहे.

तीनचा हिशेब आपल्या डोळ्यांचा. सहाचा हिशेब युनिकोडचा, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाचा. तिथे ‘पा’ नावाचं एक चिन्हच नाही. प वेगळा, काना वेगळा. च वेगळा, त्याचा काना-मात्रा मिळून एक वेगळा. र वेगळा, पुन्हा काना. झाली सहा. अठराचा हिशेब आणखी खालच्या मजल्यावरचा, जिथे संगणक बाइट मोजतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सहा त्रिक अठरा.

पायथनला हे नाव उलटं करायला सांगून बघा. आपल्याला हवं असतं ‘राचोपा’. पायथन चिन्हं उलटी लावते, त्यामुळे सुरुवातीलाच कुणाच्याही आधाराशिवाय लोंबकळणारा एक काना येतो, मग रो, मग चा आणि शेवटी उघडाबोडका प. पायथनने चूक केलेली नाही. तिला अक्षर दिसतच नाही, चिन्हं दिसतात.

ही फोड कुणा परक्याने आपल्यावर लादली, असं वाटत असेल तर तसं नाही. १९८०च्या दशकात आपल्याच अभियंत्यांनी भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली बसवली. पुण्याच्या सीडॅकने ती पुढे नेली, १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून. व्यंजन एकदा, मात्रा एकदा, आणि त्यांच्या जुळणीतून सगळी बाराखडी व जोडाक्षरं. प्रत्येक जोडणीला वेगळा क्रमांक द्यायचा म्हटलं असतं तर हजारो क्रमांक लागले असते. हे काम १२८ घरांच्या एका पट्टीत बसलं. इतकी आटोपशीर मांडणी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पण हीच आटोपशीर मांडणी एका फाटकाशी अडते.

आपण लिहिलेला प्रोग्राम थेट चालत नाही. आधी तो भाषेच्या पोटात जातो आणि तिथे पहिली तपासणी करतो तो लेक्सर. बाजार समितीच्या फाटकावरच्या माणसासारखं त्याचं काम असतं: मालाची प्रत, भाव, लिलाव हे सगळं पुढे, इथे फक्त ही गाडी आत सोडायची की नाही, एवढंच. लेक्सर एकेक चिन्ह वाचतो आणि ठरवतो की हा अंक, हे गणिती चिन्ह, हे नाव. प्रोग्राममध्ये माहिती ठेवायच्या जागांना आपण जी नावं देतो त्यांत कोणती चिन्हं चालतील, याचा नियम प्रत्येक भाषेने आपापला केलेला असतो. भाषा मुक्तस्रोत असली की तो नियम, त्यामागची कारणं आणि त्यावर झालेली भांडणं, सगळं कुणालाही वाचायला उघडं असतं.

गो ही गुगलमध्ये जन्मलेली भाषा. रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन या तिघांनी २००७ साली तिची आखणी सुरू केली आणि १० नोव्हेंबर २००९ रोजी ती सगळ्यांसाठी खुली झाली. (त्याच्या चारच दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, महाराष्ट्र शासनाने प्रमाणित देवनागरी लिपीचा आणि मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला होता. या दोन मंडळींना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.) गोचा नियम एका ओळीचा आहे: नावात युनिकोडने ‘अक्षर’ किंवा ‘अंक’ ठरवलेलंच चिन्ह हवं, शिवाय खालची रेघ (अंडरस्कोर) चालेल. क, ख, ग ही युनिकोडच्या लेखी अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचा पाय मात्र ‘जोडचिन्हं’ या दुसऱ्या वर्गात.

आता काय होतं पाहा. गोमध्ये ‘गवत’ हे नाव चालतं. ‘कमळ’ चालतं. ‘वरण’ चालतं, ‘बट्टी’ चालत नाही. ‘कळण’ आत जातं, ‘भाकरी’ बाहेर राहते. कापूस नाही, केळी नाही, म्हणजे जळगाव जिल्ह्याची दोन्ही मुख्य पिकं फाटकाबाहेर. ‘पाचोरा’ लिहिलं तर प वाचून होतो आणि पुढच्याच चिन्हावर, कान्यावर, संकलक (कंपायलर) थांबतो: नावात अवैध चिन्ह, यू+०९३ई. ज्या मराठी शब्दाला काना, मात्रा, काही म्हणजे काहीच नाही, तेवढाच आत.

यातला खरा चमत्कारिक भाग पुढेच आहे. गोच्या तिघा कर्त्यांपैकी थॉम्पसन आणि पाइक हे यूटीएफ-८चे जनक. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात थॉम्पसन यांनी ताटाखालच्या कागदावर ही पद्धत मांडली, पाइक समोर बसले होते. आज तुमच्या मोबाइलवरचा मराठी निरोप, बातमी, सातबारा बहुधा त्याच पद्धतीने इकडून तिकडे जातो. देवनागरीला जगभर हिंडायची वाट ज्यांनी करून दिली, त्यांच्याच भाषेत बहुतेक देवनागरी नावांना थारा नाही.

दुष्टपणा नव्हे, त्यामागे एक हिशेब आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. फ्रेंचमध्ये ई या स्वरावर तिरकी रेघ देतात. युनिकोडमध्ये तो रेघेसकट एका चिन्हात साठवता येतो, किंवा साधा ई आणि वरची रेघ अशा दोन चिन्हांतही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पोटात मात्र वेगळे. प्रोग्राममध्ये असं चाललं तर एकच दिसणारी दोन नावं दोन वेगळ्या जागा दाखवतील आणि चूक शोधताना माणूस वेडा होईल. गोच्या कर्त्यांनी जोडचिन्हंच वर्ज्य केली आणि प्रश्न मुळातून काढून टाकला. फ्रेंचांचं काही अडलं नाही, त्यांच्याकडे एका चिन्हातला पर्याय तयार होता. आपल्या कान्याला तसा पर्यायच नाही. दुखणं फ्रेंचांचं आणि औषध आपल्याला, असा हा मामला.

गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हे लपवलेलं नाही. या नियमामुळे काही भाषा बाहेर राहतात असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे आणि उदाहरण म्हणून नाव घेतलं आहे ते देवनागरीचं. दुसरं कुलूपही तिथेच कबूल केलं आहे: गोमध्ये एका भागातलं नाव दुसऱ्या भागाला दिसायचं असेल तर त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. देवनागरीत लहानमोठी लिपी नाहीच. म्हणजे ‘कमळ’ आत आलं तरी त्याला घराबाहेर पडता येत नाही; पुढे एखादं रोमन कॅपिटल चिकटवावं लागतं, आणि हा उपाय समाधानकारक नाही हेही तिथेच लिहिलेलं आहे.

पायथनने उलट रस्ता धरला. मार्टिन फॉन लोविस यांनी २००७ साली ‘पेप ३१३१’ हा प्रस्ताव मांडला: नावं जगातल्या कोणत्याही लिपीत असू द्या. भाषेतला प्रत्येक मोठा बदल असाच क्रमांक लावलेला कागद होऊन येतो आणि त्यावर खडाजंगी होते. परक्या लिपीतला प्रोग्राम दुसऱ्यांना वाचता येणार नाही, हा मोठा आक्षेप होता. तरी प्रस्ताव मंजूर झाला आणि डिसेंबर २००८च्या पायथन ३ मध्ये तो आला. पायथनने जोडचिन्हं आत घेतली आणि वर एक काम स्वतःकडे घेतलं: प्रत्येक नाव एका ठरलेल्या साच्यात बसवून मगच ताडून पाहायचं, म्हणजे फ्रेंच ई दोन्ही रूपांत एकच ठरतो. तिथे कापूस, केळी, बट्टी सगळं चालतं. एवढंच नाही, ‘७१५०’ हा देवनागरीत टंकलेला मजकूर दिला तर ती त्याचा बिनतक्रार पूर्णांक करून देते. प्रोग्राममध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र अडवते. हा अर्धवटपणा मला कधीच पटलेला नाही.

मग पायथनमध्ये पाचोरा सुखरूप? पाचोरा हो. ‘पाचोऱ्यात’ नेहमीच नाही.

विभक्ती लागली की आपल्या गावाच्या नावात तो आडवा, पापणीसारखा र येतो. शेतकऱ्याचा, दऱ्या, सुऱ्या यांतला. हा र मराठीचा आणि नेपाळमधल्या नेवारीचा. हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये तो लिहायचे दोन मार्ग आहेत. एक इस्कीकडून आलेला: खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त. इनस्क्रिप्टवर तो ऱ शिफ्ट धरून र च्या कळीवर मिळतो. दुसरा युनिकोडच्या १९९६च्या आवृत्तीशी नातं टिकवण्यासाठी राखलेला: साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य चिन्ह, ज्याला शून्य रुंदीचा सांधा म्हणता येईल. पहिल्या मार्गाने ‘पाचोऱ्यात’ नऊ चिन्हांचं, दुसऱ्याने दहा. कागदावर, पडद्यावर भिंग लावूनही फरक दिसणार नाही.

पायथन पहिलं नाव घेते. दुसऱ्यावर थांबते आणि सांगते की इथे न दिसणारं अवैध चिन्ह आहे, यू+२००डी. बिचारा प्रोग्राम लिहिणारा डोळे फाडून बघतो, त्याला काहीच दिसत नाही. दिसणारच कसं? जावास्क्रिप्टने तो अदृश्य सांधा २००९च्या आवृत्तीपासून मुद्दाम आत घेतला आहे. पण ती नावं साच्यात बसवत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही ‘पाचोऱ्यात’ चालतात आणि ती दोन वेगळी नावं ठरतात. एकात ठेवलेला भाव दुसऱ्यात शोधत बसा. रस्ट या भाषेने जून २०२१ मध्ये सगळ्या लिप्यांना दार उघडलं, सांध्याला नाही. मात्र सारखी दिसणारी दोन नावं आढळली की ती इशारा देते.

सांध्याला बंदी का, याचंही कारण आहे. न दिसणारी चिन्हं वापरून प्रोग्राम वाचणाऱ्याला एक आणि यंत्राला दुसरंच दाखवता येतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी अदृश्य दिशाचिन्हांनी हे करून दाखवलं, तेव्हा भाषा सांभाळणाऱ्या मंडळींची झोप उडाली. सुरक्षेची काळजी खरी आहे. पण त्या काळजीच्या हिशेबात पाचोऱ्याचा र कुणी धरला होता का, हा माझा प्रश्न आहे. आणि धोका काही अदृश्य चिन्हांपुरताच नाही. ‘ॲप’ घ्या. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं; त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवायचे. आजही दोन्ही रूपं प्रचारात आहेत, दिसायला सारखी, आणि पायथनचा साचाही त्यांना एक करत नाही.

कुणी म्हणेल, मराठीत प्रोग्राम लिहितं कोण? नोकरीतलं काम इंग्रजी नावांनीच चालतं आणि चालणार, हे मान्य. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी पहिल्यांदा बेरीज करणारा प्रोग्राम लिहिते तेव्हा तिला ‘भाव’ आणि ‘वजन’ ही नावं देता यावीत की नाही? गो तिला वजन देते, भाव देत नाही.

हे बदलू शकतं का? या भाषा कुणा एकाच्या मालकीच्या राहिलेल्या नाहीत. पायथनचे निर्माते गिडो व्हॅन रॉसम यांनी एका प्रस्तावावरच्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. तेव्हापासून विकसकांनी निवडून दिलेलं पाच जणांचं मंडळ कारभार बघतं. गोने मार्च २०१२ मध्ये वचन दिलं की जुने प्रोग्राम पुढेही चालतील. नवी चिन्हं आत घेतल्याने ते वचन मोडत नाही. फक्त ही मंडळी सावकाश चालतात: अनेक वर्षं मागितलेली जेनेरिक्सची (एकच काम वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीवर चालवण्याची) सोय गोमध्ये मार्च २०२२ ला आली.

आपल्याकडे या पोटातलं कळणारी माणसं नाहीत असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या मुक्तस्रोत संकलकाचं अंतरंग शिकवणारं केंद्र चालवलं. त्याच संस्थेत शिकलेले मनीष गोरेगावकर यांनी रस्टमधल्या चुका टिपणारं क्लिपी हे साधन सुरू केलं आणि युनिकोडच्या कामातही ते आहेत.

तेव्हा संगणक शिकणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावाचं नाव विभक्ती लावून, दोन्ही तऱ्हांनी टंकून, तुम्ही वापरता त्या भाषेत चालवून बघा. अडलं तर त्रुटीचा संदेश, चिन्हांचे क्रमांक आणि हवं असलेलं उत्तर एवढं नीट मांडून त्या भाषेच्या प्रस्तावांच्या चर्चेत नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. आणि आडव्या र ची अडचण मराठी माणसाने नोंदवली नाही, तर ती दुसरं फारसं कुणी नोंदवणार नाही.