राजारामपुरीची जिलबी

पंधरा ऑगस्टला सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या राजारामपुरीत पोचलो. गणवेशातली पोरं झेंडावंदनाला निघाली होती आणि एका गल्लीच्या तोंडाशी छोट्या मांडवात तई तापत होती. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला जिलबीचा पुडा घरी गेला नाही, तर कोल्हापूरकराला चुकल्यासारखं होतं.

राजाराम महाराजांच्या नावाची ही आखून बसवलेली पेठ. पत्ता गल्लीच्या आकड्यावर सांगायचा: पाचवी, आठवी, बारावी. जुने बैठे बंगले आता बोटांवर मोजावेत एवढेच दिसले. त्या दिवशी काही गल्ल्यांचे आकडे शुभेच्छांच्या फलकांमागे गेले होते. झेंड्यापेक्षा फोटोच मोठे.

मी मात्र तईपाशी रेंगाळलो. मैदा आदल्या दिवशीच भिजवून आंबवलेला. कारागीर साठीचा, हातात फडक्याची पुरचुंडी, तिच्या भोकाला काजासारखे टाके. तीन वेढे आणि वरून एक आडवी रेघ. "ती रेघ कशाला?" म्हटलं. "रेघ नसली की उलटताना वेढं सुटत्यात. आन् हात थांबला की गाठ पडती." बोलताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. लालसर जिलबी तईतून थेट पाकात, तिथून परातीत. रांगेत पाव किलो मागणारं कुणी दिसलं नाही.

"कोल्हापूर संस्थान विलीन कधी झालं?" मी सहज विचारलं. "सत्तेचाळीसलाच की!" रांगेतूनच उत्तर आलं. दोघातिघांनी माना डोलावल्या.

तसं नव्हतं. १९४७ च्या १५ ऑगस्टला तिरंगा फडकला, तरी इथं छत्रपतींचं संस्थान होतंच. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेनं १९३९ पासून जबाबदार राज्यपद्धतीसाठी झगडा मांडला होता. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हणजे कोल्हापूरला स्वातंत्र्य दोन हप्त्यांत मिळालं आणि गोड तोंड होतं ते पहिल्याच हप्त्याचं. राजाच्या नावाच्या पेठेत तरी दुसरा हप्ता आठवायला हरकत नसावी.

राजारामपुरीतल्या एखाद्या तरुण मंडळानं येत्या १ मार्चला एक शेगडी लावावी. माझी एक किलो आत्ताच सांगून ठेवतो.