ग्राफिक्स कार्ड थंड राखण्याच्या पद्धती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज घेते, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकते. आकडेमोड पूर्ण झाली की त्यासाठी खर्चलेली ऊर्जा चिपमध्ये साठून राहत नाही. ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. २०२२ साली आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ४०९० या कार्डाची वीजमर्यादा ४५० वॅट आहे, तर २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅट. आरटीएक्स ४०९० मधील मुख्य चिपचे क्षेत्रफळ सुमारे ६०८ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सहा चौरस सेंटीमीटर आहे. घरातली हजार वॅटची इस्त्री आपली उष्णता तळहाताहून मोठ्या पत्र्यावर पसरवते. दर चौरस सेंटीमीटरचा हिशेब केला, तर पूर्ण भारावर चालणारी ही चिप इस्त्रीच्या कितीतरी पट उष्णता सोडते.

ही उष्णता ठरलेल्या वाटेने जाते. चिपमधून थर्मल पेस्टमध्ये, तिथून तांब्याच्या तळपट्टीत, हीट पाइप किंवा व्हेपर चेंबरमधून हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये, पत्र्यांवरून कॅबिनेटमधल्या हवेत आणि शेवटी खोलीत. पाट जिथे अरुंद असतो तिथे पाणी तुंबते; तशीच उष्णताही या वाटेवरच्या सर्वांत अरुंद जागी तुंबते. कुठे तुंबते आहे हे न पाहता पंखा, पेस्ट किंवा पंप बदलल्यास पैसे जातात आणि तापमान तेवढेच राहते. पुढील गैरसमज याच वाटेच्या क्रमाने घेतले आहेत.

गैरसमज १ : तापमान ८० अंशांवर गेले की कार्ड जळते.

वस्तुस्थिती : ८० अंश सेल्सिअस हे पाण्यासाठी उकळीजवळचे तापमान असले, तरी सिलिकॉनच्या चिपसाठी ते नेहमीच्या कामाचे तापमान आहे. आरटीएक्स ४०९० साठी उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ९० अंश आहे. २०१३ सालचे एएमडीचे रेडिऑन आर९ २९०एक्स हे कार्ड तर ९५ अंशांवर सतत चालेल अशाच बेताने बनवले होते. मर्यादा जवळ आली की चिप आपला वेग आणि व्होल्टेज स्वतःहून कमी करते. त्यानेही भागले नाही, तर संगणक बंद होतो. म्हणून अति तापलेले कार्ड बहुधा जळत नाही, ते मंदावते. थंड कार्डाचा फायदा वेगळा आहे. तापमान कमी असले की चिपमधून वाया जाणारा विद्युतप्रवाह घटतो, वेग टिकून राहतो आणि पंख्यांचा आवाज कमी होतो.

तापमानाचा आकडा खोलीच्या तापमानाशी ताडूनच वाचावा लागतो. २५ अंशांच्या खोलीत ७० अंश दाखवणारे कार्ड तेवढ्याच भारावर आणि पंख्यांच्या तेवढ्याच वेगावर ४० अंशांच्या खोलीत साधारण ८५ अंश दाखवेल. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात पंख्यांचा आवाज वाढला, तर त्याचे कारण बहुतेक वेळा कार्डातला बिघाड नसून खोलीतली हवा असते.

गैरसमज २ : स्क्रीनवर दिसणारे तापमान म्हणजे पूर्ण कार्डाचे तापमान.

वस्तुस्थिती : तो आकडा मुख्य चिपचा असतो. त्याच चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे, म्हणजे हॉटस्पॉटचे तापमान त्याहून जास्त असते. दहा-पंधरा अंशांचा फरक सर्वसाधारण मानला जातो. मेमरी चिप आणि वीजपुरवठा नियंत्रित करणारे भाग यांची तापमाने आणखी वेगळी. २०२० च्या आरटीएक्स ३०९० मध्ये २४ मेमरी चिप होत्या. त्यांपैकी १२ कार्डाच्या मागच्या बाजूला होत्या, आणि मुख्य हीटसिंक त्या बाजूला नव्हता. त्यामुळे मुख्य चिप निवांत असताना मागची मेमरी तापून कार्ड मंदावल्याची उदाहरणे घडली. मुख्य चिप आणि हॉटस्पॉट यांतला फरक हळूहळू वाढत गेला, तर पेस्ट सुकली आहे किंवा कूलर नीट टेकलेला नाही असे समजावे.

गैरसमज ३ : थर्मल पेस्ट जितकी जाड, तितकी उष्णता लवकर निघते.

वस्तुस्थिती : तांब्याची उष्णतावहनक्षमता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर चांगल्या पेस्टची साधारण ५ ते १२. म्हणजे पेस्ट ही उष्णतेच्या वाटेतली अडचणच आहे. ती लावण्याचे कारण एवढेच, की चिप आणि तांबे यांच्यामधल्या सूक्ष्म फटींत हवा राहिली, तर हवेची वहनक्षमता अवघी ०.०२६ असते. फटी भरतील इतकाच पातळ थर हवा. मात्र तो चिपच्या पूर्ण पृष्ठभागावर हवा, कारण ग्राफिक्स चिपवर प्रोसेसरसारखे धातूचे झाकण नसते.

गॅलियमवर आधारित द्रवधातू पेस्टपेक्षा कितीतरी चांगला वाहक आहे आणि आरटीएक्स ५०९० च्या फाउंडर्स एडिशनमध्ये तो कारखान्यातच वापरला आहे. घरी तो लावताना दोन धोके असतात. तो विजेचा वाहक असल्याने एक थेंब घरंगळला तरी शॉर्टसर्किट होऊ शकते, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करतो. मेमरीवरच्या थर्मल पॅडची जाडीही मनाने बदलू नये. पॅड थोडे जाड झाले, तर पूर्ण कूलर वर उचलला जातो आणि मुख्य चिपचाच स्पर्श सुटतो.

गैरसमज ४ : हीट पाइप म्हणजे तांब्याची भरीव कांडी.

वस्तुस्थिती : हीट पाइप आतून पोकळ असतो. त्यात थोडेसे पाणी असते, हवा काढून घेतलेली असते आणि आतल्या भिंतीवर तांब्याच्या बारीक कणांचे सच्छिद्र अस्तर असते. दाब कमी असल्यामुळे पाणी चिपजवळ कमी तापमानालाच उकळते. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पाणी होते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते पाणी अस्तरातून परत चिपकडे येते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला २,००० ज्यूलहून अधिक. एवढी उष्णता प्रत्येक ग्रॅमबरोबर वाहून जाते, म्हणून हा पाइप भरीव तांब्याला कित्येक पटींनी मागे टाकतो. अमेरिकेतील लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही रचना विकसित केली. व्हेपर चेंबर म्हणजे तेच तत्त्व चपट्या डबीत बसवलेले.

आतले पाणी योग्य मापाचे असणे किती गरजेचे आहे, हे रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सने दाखवून दिले. या मॉडेलच्या काही कार्डांत हॉटस्पॉट ११० अंशांवर जाऊ लागला. एका मर्यादित खेपेत व्हेपर चेंबरमध्ये पाणी कमी भरले गेल्याचे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. अशा कार्डाची पेस्ट किंवा पंखे बदलून काहीच साधले नसते.

गैरसमज ५ : पंख्यांचा वेग दुप्पट केला की थंडावाही दुप्पट.

वस्तुस्थिती : वेग दुप्पट केल्यास हवेचा प्रवाह जवळपास दुप्पट होतो, पण पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. तापमान मात्र त्या प्रमाणात उतरत नाही, कारण चिप, पेस्ट आणि तांबे यांमधला अडथळा पंख्याच्या वेगाने बदलत नाही. २००३ सालचे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आवाजासाठीच लक्षात राहिले; लहान पंखा फार वेगाने फिरवण्याचा तो परिणाम होता. त्यानंतर मोठे हीटसिंक आणि संथ फिरणारे मोठे पंखे रूढ होत गेले. वेग वाढवण्याआधी पत्र्यांमधली धूळ काढणे अधिक उपयोगी पडते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते मर्यादेबाहेर गरगरून बेअरिंग खराब होत नाही.

गैरसमज ६ : पंखे फिरत नसतील तर कार्ड बिघडले आहे.

वस्तुस्थिती : अलीकडच्या बहुतेक कार्डांत भार कमी असताना पंखे मुद्दाम थांबवलेले असतात. साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत हीटसिंक एकटा पुरतो. त्यापुढे पंखे सुरू होतात. जड खेळ किंवा रेंडरिंग चालू असतानाही पंखा स्थिर असेल, तरच बिघाडाची शंका घ्यावी.

गैरसमज ७ : ब्लोअर पद्धतीचे कार्ड सर्वथा वाईट.

वस्तुस्थिती : दोन-तीन उघडे पंखे असलेले कार्ड स्वतः थंड राहते, पण आपली बरीचशी गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडते. ती बाहेर काढण्याचे काम कॅबिनेटच्या पंख्यांवर पडते. ब्लोअर कार्ड हवा एका बाजूने ओढून मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकते. एका कार्डाच्या हवेशीर कॅबिनेटमध्ये पहिली पद्धत शांत आणि सरस ठरते; चार कार्डे खेटून बसवलेल्या वर्कस्टेशनमध्ये मात्र ब्लोअरच टिकाव धरतो, कारण तिथे एका कार्डाची गरम हवा दुसऱ्याने ओढली तर सगळीच तापतात. कॅबिनेटची बाजू उघडल्यावर तापमान बरेच उतरले, तर हवा आत-बाहेर जाण्याची सोय अपुरी आहे एवढे निदान होते. पुढचा उपाय म्हणजे समोरून हवा आत घेणारे पंखे आणि मागून-वरून बाहेर टाकणारे पंखे बसवणे. बाजू कायम उघडी ठेवल्यास धूळच वाढते.

गैरसमज ८ : वॉटर कूलिंगमुळे कार्ड खोलीपेक्षाही थंड होते.

वस्तुस्थिती : पाणी उष्णता उचलते, रेडिएटरपर्यंत नेते आणि तिथे ती हवेलाच देते. त्यामुळे साधे पंप-रेडिएटर खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाहीत. पाण्याचे खरे बळ ते किती उष्णता वाहून नेते यात आहे. ४५० वॅट उष्णता नेताना तापमान १५ अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा लागते. त्याच कामाला सेकंदाला सुमारे ७ मिलिलिटर, म्हणजे दीड चहाचा चमचा पाणी पुरते. म्हणून अरुंद जागेतली उष्णता मोठ्या रेडिएटरपर्यंत शांतपणे नेता येते. २०१४ च्या रेडिऑन आर९ २९५एक्स२ मध्ये दोन चिप आणि ५०० वॅट असा भार होता आणि ते कारखान्यातूनच बंदिस्त वॉटर कूलिंगसह आले.

रेडिएटर लहान असेल तर पाणी फक्त वेळ मिळवून देते. लिटरभर पाणी तापून स्थिरावायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे असतात. अर्धा तास भार देऊन मगच निष्कर्ष काढावा. पंप, नळ्या आणि सांधे ही हवेच्या कूलरमध्ये नसलेली बिघाडाची ठिकाणे आहेत, हेही निवड करताना लक्षात घ्यावे.

गैरसमज ९ : संगणक फ्रीजमध्ये ठेवणे हा उत्तम उपाय.

वस्तुस्थिती : घरगुती फ्रीज अन्नातली थोडी उष्णता हळूहळू काढण्यासाठी बनवलेला असतो, शेकडो वॅटचा अखंड भार त्याला पेलत नाही. दुसरा धोका दवाचा. कोणतीही वस्तू हवेच्या दवबिंदूखाली गेली की तिच्यावर पाणी साचते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्या हवेत २० अंशांचा धातूही ओला होतो. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरून वेगाचे विक्रम करणारे तज्ज्ञ म्हणूनच पूर्ण बोर्ड ओलाव्यापासून झाकून घेतात, आणि तो प्रयोगही काही तासांपुरताच असतो.

गैरसमज १० : चांगला कूलर बसवला की खोलीही कमी तापते.

वस्तुस्थिती : कूलर उष्णता हलवतो, नाहीशी करत नाही. चिप ६० अंशांवर असो वा ८५ अंशांवर, ४५० वॅट घेणारे कार्ड खोलीत साधारण ४५० वॅटच सोडते. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याच्या क्षमतेचा जवळपास आठवा हिस्सा हे एकटे कार्ड खाते.

गैरसमज ११ : उष्णता कमी करायची तर कामगिरीवर पाणी सोडावे लागते.

वस्तुस्थिती : चिप चालू-बंद होताना खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.०५ वरून ०.९५ वर आणले, तर हा खर्च सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. प्रत्येक चिप स्थिर चालावी म्हणून उत्पादक व्होल्टेज थोडे वरचे ठेवतात. अनेक चिप त्याहून कमीवरही व्यवस्थित चालतात. वीजमर्यादा थोडी खाली आणल्यासही वेग सहसा काही टक्केच कमी होतो, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी सर्वांत जास्त वीज खर्च होत असते. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवावे आणि प्रत्येक टप्प्यावर कार्ड तासभर भाराखाली चालवून पाहावे; स्क्रीनवर ठिपके दिसले किंवा प्रोग्रॅम बंद पडला, तर मागच्या टप्प्यावर यावे. आधीच्या सर्व पद्धती तयार झालेली उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेतात. ही एकच पद्धत ती मुळात कमी तयार होऊ देते, आणि म्हणून चिप, कॅबिनेट व खोली या तिन्हींना तिचा फायदा होतो.