गोड वाईन आणि लो-कार्ब आहार : हिशेब कुठे चुकतो?

डिसेंबर लागला की सिकंदराबादच्या ख्रिस्ती घरांत प्लम केक, कुलकुल, रोझ कुकीज यांची गडबड सुरू होते. मराठी घर असेल तर करंज्या आणि चिवडाही असतोच. सोबत छोट्या ग्लासात गोड लाल वाईन असते. कुणाकडे ती घरीच काळ्या द्राक्षांची केलेली, कुणाकडे गोव्याहून आणलेली ‘पोर्ट’.

अलीकडे याच टेबलावर एक नवा पाहुणा आला आहे, तो म्हणजे लो-कार्ब डाएट. त्याला कारणही आहे. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे आकडे 2023 साली आले, त्यानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे कितीतरी घरांत पप्पा, काका किंवा आत्या यांपैकी कुणीतरी भात-पोळी मोजून खात असतं. मग सणाला हमखास प्रश्न येतो : “वाईन चालते ना? वाईनमध्ये कार्ब्स नसतात म्हणे!”

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण प्रश्न फक्त वजनाचा नाही.

गोडवा येतो कुठून?

द्राक्षाच्या रसात भरपूर साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्च झाली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. यीस्टला पूर्ण वेळ दिला तर साखर जवळजवळ संपते आणि ‘ड्राय’ वाईन मिळते. “वाईनमध्ये कार्ब्स नसतात” हे वाक्य या ड्राय वाईनपुरतं बऱ्यापैकी बरोबर आहे.

पोर्टचं तसं नाही. पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यात रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाचं कडक मद्य ओततात. त्या मद्यात सुमारे 77 टक्के अल्कोहोल असतं. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं आणि न खाल्लेली साखर तशीच मागे राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही : अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास आणि साखर लिटरमागे साधारण 100 ग्रॅम. अशा, वरून मद्य घातलेल्या वाईनला ‘फोर्टिफाइड’ म्हणतात.

पण फोर्टिफाइड म्हणजे गोडच, असंही नाही. स्पेनची ‘फिनो’ शेरी आधी पूर्ण आंबवतात आणि मग तिच्यात मद्य घालतात, त्यामुळे तिच्यात साखर नावालाच असते. त्याच भागातली ‘पेद्रो हिमेनेझ’ शेरी मात्र उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची असते. तिच्यात लिटरमागे 200 ग्रॅमहून जास्त साखर निघते, म्हणजे जवळजवळ पाकच.

ग्लासातला हिशेब

60 मिली, म्हणजे एक लार्ज पेग धरू :

- फिनो शेरी : साखर अर्ध्या ग्रॅमहून कमी
- पोर्ट : साखर सुमारे 6 ग्रॅम
- द्राक्षाचा साधा रस : साखर सुमारे 9 ग्रॅम
- पेद्रो हिमेनेझ : साखर 12 ग्रॅमच्या पुढे

आता ताटाकडे पाहा. 30 ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे 20 ग्रॅम कार्ब्स असतात. दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स घेतले तर त्याला सहसा लो-कार्ब म्हणतात. कीटोमध्ये ही मर्यादा 20 ते 50 ग्रॅमवर येते. म्हणजे साध्या लो-कार्ब आहारात 60 मिली पोर्ट सहज बसते, आणि कीटोतही एखाद्या दिवशी ओढूनताणून बसेल. तीन पेग झाले की 18 ग्रॅम, म्हणजे जवळपास एक पोळी झाली.

यादीतल्या रसाकडे पुन्हा एकदा बघा. “मला शुगर आहे, मी वाईन नाही, ज्यूस घेतो” असं म्हणणाऱ्याच्या ग्लासात साखर जास्तच असते. प्रभुभोजनाच्या चिमुकल्या कपातला घोटभर रस सोडा, त्याने काही बिघडत नाही. ज्यूसचा भरलेला ग्लास मात्र हिशेबात धरावाच लागतो.

आपल्याकडच्या बाटल्या

गोव्यातून 1961 साली पोर्तुगीज गेले, ‘पोर्ट’ हे नाव मात्र राहिलं. तिथे मिळणारी स्वस्त गोड पोर्ट आणि डोरूची पोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्याच्या कितीतरी बाटल्यांवर अल्कोहोल बरंच कमी लिहिलेलं दिसतं. ते वाचता येतं, पण साखर किती हे लेबलवर सहसा नसतंच.

घरच्या वाईनचं तर लेबलच नाही. बऱ्याच घरांत किलोभर द्राक्षांना जवळजवळ किलोभर साखर घालतात, वर रंगासाठी साखर जाळून घालतात. यीस्ट एवढी साखर संपवूच शकत नाही. त्यामुळे ही वाईन फोर्टिफाइड नसली तरी पोर्टइतकी, कदाचित जास्तच गोड धरून चालावं. द्राक्षारिष्टही याच भावकीतलं. ते औषधाच्या दुकानात मिळत असलं तरी त्यात गूळ असतो आणि आंबवणातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोलही.

आपल्या मराठी बायबलमध्ये वाईनला ‘द्राक्षारस’ म्हटलंय. पौलाने तीमथ्याला पोटासाठी तो घ्यायला सांगितला, हा दाखला सणाच्या टेबलावर हमखास निघतो. तिथेही सल्ला ‘थोडा’ घेण्याचा आहे, हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं.

हिशेबात न दिसणारी गोष्ट

इथपर्यंत साखरेचं झालं. खरा धोका मात्र अल्कोहोलचा आहे आणि तो कार्ब्सच्या रकान्यात दिसत नाही. 60 मिली पोर्टमध्ये साधारण 9 ते 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. पेगाच्या सुमारे 90 कॅलरीतल्या दोन-तृतीयांशाहून जास्त त्याच्याच.

आपण जेवत नसतो तेव्हा यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि नवी साखरही बनवतं. अल्कोहोल पोटात गेलं की ही नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. लो-कार्बवाल्यांचा साठा आधीच कमी असतो. त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि ती लगेच जाईल असंही नाही, रात्री झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही जाऊ शकते.

घाम, थरथर, बरळणं, तोल जाणं ही शुगर लो झाल्याची लक्षणं चढल्यासारखीच दिसतात. घरचे म्हणतात, “झोपू दे, थोडी जास्त झाली.” इथेच घात होतो. अशा वेळी ग्लुकोमीटर लावा. आकडा 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कीटो आणि दारू ही जोडी टाळलेलीच बरी. त्यांच्या रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा शुगरचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

मग बसवायची कशी?

जे पितात आणि ज्यांना डॉक्टरांनी मना केलेलं नाही, त्यांच्यासाठी नियम सोपे आहेत. उपाशीपोटी नाही, जेवणाबरोबरच. पेग डोळ्याच्या अंदाजाने नाही, मापाने. 60 मिलीवर थांबायचं. गोड वाईन घेतली तर केक किंवा करंजी सोडायची, दोन्ही नाही. झोपण्याआधी शुगर बघायची.

जे पीत नाहीत त्यांनी ‘तब्येतीसाठी’ म्हणून सुरू करायचं काहीच कारण नाही. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय. आणि तेलंगणात पिण्याचं वय 21 आहे, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

आपलं काम वेगळं आहे. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांची नावं बहुधा आपल्यालाच वाचता येतात आणि ग्लुकोमीटरही आपल्यालाच लावता येतो. या नाताळच्या आधी ती पाकिटं एकदा बघून ठेवा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. काकांचा ग्लास भरायच्या आधी ही माहिती हाताशी असली पाहिजे.